जुगूळहून नावेनं खिद्रापूर, आणि नाव चालवणारं ते घर

बेळगावकडची माणसं खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळाला जायचं म्हटलं की कुरुंदवाडवरून गाडीनं जातात, खरं कृष्णेच्या कर्नाटकाकडच्या काठावरून नावेनं जायचं ते सुख वेगळंच आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आम्ही चिकोडीवरून आधी येडूरला गेलो. वीरभद्राचं दर्शन घेतलं, नंदी बघितला. खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी नाही, सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा नंदीपण तिच्यासोबत निघाला आणि येडूरलाच राहिला असं इकडं सगळेच सांगतात, त्यामुळं आधी नंदी आणि मग देव असा क्रम लावला. मग अंकलीवरून कृष्णा ओलांडून कागवाडच्या बाजूनं जुगूळ.

गावाबाहेर नदीला उतरलं की एका घराचा नाव लावायचा धक्का आहे. धक्का म्हणजे काँक्रीटचं काही नाही. नाव चालवणारे घरातले मामा म्हणाले, इथं पक्कं बांधून काय उपयोग, उन्हाळ्यात पाणी खाली आणि कोयना धरणातनं सोडलं की एका रात्रीत वर, बांधलेलं एकतर कोरडं राहतंय नाहीतर बुडतंय. म्हणून दरवर्षी पाऊस उघडला की घरातली सगळी मिळून दरडीत नव्या पायऱ्या खोदतात, वाळूची पोती रचतात आणि नाव बांधायचे खुंटे पाण्याबरोबर खाली-वर सरकवत राहतात. पोती इतकी नीट बसवलेली की माझी आई गुडघेदुखी असून कुणाचा हात न धरता उतरली.

लाईफ जॅकेट सगळ्यांना घालायलाच लावतात, लहान पोरांच्या मापाची वेगळी आहेत, आणि ती ओली तशीच कोपऱ्यात टाकत नाहीत, संध्याकाळी दोरीवर वाळत घालतात. टू-व्हीलर चढवायला रुंद फळी आहे, गाडी चढेपर्यंत बाकीच्यांनी काठावरच थांबायचं, मामांचा नियम. पाण्यात पाय सोडून बसायला पोरांना सक्त मनाई, कारण या पट्ट्यात मगरी आहेत आणि मामांनी स्वतः पलीकडच्या वाळूवर पडलेल्या बघितल्यात.

मला सगळ्यात आवडलं ते मागचं शेड. आसपासच्या गावातले मासेमारीवाले आपल्या होड्या तिथंच आणतात दुरुस्तीला. मामांचा मोठा मुलगा एका फायबरच्या होडीची चीर भरत होता, आधी घासून खडबडीत केली, फडक्यानं पुसून उन्हात कोरडी केली, मग फायबरची जाळी ठेवून वर रेझिन, म्हणजे घट्ट होणारं चिकट द्रव. ते घट्ट करणारं हार्डनर अगदी थोडं थोडं मिसळत होता. मी विचारलं एकदम का घालत नाही, तर म्हणाला उन्हाचं लगेच धरतंय दादा, जास्त पडलं की ब्रश फिरवायच्या आत डब्यातच दगड होतंय आणि घाईत लावलं की नंतर तडकतंय. धाकटा इंजिन बघतो. पंचगंगेतली जलपर्णी वाहत खाली येते ती पंख्याला गुंडाळते, आम्ही होतो तेव्हाच एक नाव तशी अडकून आली, त्यानं इंजिन वर उचलून विळ्यानं एकेक दांडा कापून काढला, प्लग पुसला, आणि पुन्हा चालू. त्या होडीवाल्याकडनं पैसे घेतले नाहीत, जलपर्णीचं काय घ्यायचं म्हणाला.

चहा, मिरची भजी आणि चिरमुरे घरातल्या वहिनी बघतात. भजी गरम मिळतात, या की, बसा की करून बोलावतात, आणि पैसे मागायची घाई नाही. खरं मला सांगायचंय ते वेगळंच. एवढी माणसं येतात-जातात तरी धक्क्यावर बायकांसाठी संडास-बाथरूम नाही. वहिनींनी आपल्या घरातलं उघडं ठेवलंय, साबण, पाण्याची बादली, दाराला आतून घट्ट कडी, आणि कुणी बाई आली की स्वतः नेऊन दाखवतात. माझ्या बायकोला आणि आईला त्याचं किती बरं वाटलं ते त्या परतीच्या वाटेवर सारखं बोलत होत्या. नदीकाठी पर्यटन वाढवायचं म्हणून मोठमोठ्या गोष्टी होतात, त्याआधी अशा प्रत्येक धक्क्यावर दोन संडास आणि एक लाईट द्या, एवढं केलं तरी लई झालं.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात याच नावा गल्लीत फिरत होत्या. म्हाताऱ्या माणसांना आधी, मग म्हशींची रेडकं, असं मामा सांगत होते. तेव्हा घरात छातीएवढं पाणी होतं, भिंतीवर खूण अजून आहे.

नाव पलीकडं लागली की कोपेश्वर चालत जाण्याइतकं जवळ. 12 व्या शतकातलं शिलाहार राजांचं देऊळ, त्यातला स्वर्गमंडप बघाच, 48 खांब आणि मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. मी खाली दगडावर आडवा पडून बराच वेळ बघत होतो, कुणी उठवलं नाही.

जाणार असाल तर दिवाळीनंतर ते मे पर्यंत जा. पावसाळ्यात नाव बंद असते आणि कल्लोळ-येडूरचा बंधाराही पाण्याखाली जातो, त्यामुळं तेव्हा येडूरची वाट आधी विचारून घ्या. शेवटची फेरी अंधार पडायच्या आत परत येते, उशीर केलात तर मामा पाण्यात नाव घालत नाहीत, कितीही विनंती करा. फोन पे चालतं, सुट्टे पैसेपण ठेवा. कार्तिकी पौर्णिमेला स्वर्गमंडपातला चंद्र बघायला तोबा गर्दी असते, तेव्हा दुपारीच धक्क्यावर पोचा.