लाल टॅग

दिवस ७३, मंगळवार

साडेपाचला गजराशिवाय जाग आली. अकरा वर्षं ६:४० ची कंपनीची बस लांडेवाडीला पकडली, ती सवय नोकरीबरोबर गेलेली नाही. मग चहा, आणि रोजचा विधी. जॉब पोर्टल उघडायचं, प्रोफाइलच्या हेडलाइनमधला एक स्वल्पविराम काढायचा आणि सेव्ह करायचं. उद्या तो परत घालायचा. प्रोफाइल ताजी दिसली की वर येते म्हणतात. चाळिशी उलटलेला क्वालिटी इंजिनिअर आता स्वल्पविरामाच्या भरवशावर आहे.

दहा वाजता एका कन्सल्टन्सीतून फोन आला.
"सर, नोटीस पिरियड किती?"
"लगेच जॉइन होतो."
"अरे वा! म्हणजे सध्या काम करत नाही आहात?"
त्या 'अरे वा'नंतर आवाज उतरतो, तो आता मला ओळखता येतो. पुढचा प्रश्नही पाठ झालाय: राजीनामा का दिलात? आम्हा सात जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं, कोरा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, स्वतःहून राजीनामा लिहा, रिलिव्हिंग लेटर स्वच्छ देतो. लेटर खरंच स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की त्यात माझी नोकरी गेली हे कुठेच नाही. आता खरं सांगावं तर कागद वेगळं बोलतो, कागदाप्रमाणे बोलावं तर मी मूर्ख ठरतो. आज म्हणालो, "घरगुती कारण." फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

"कळवतो" म्हणाली ती मुलगी. वहीत नोंद केली. ५८ अर्ज, ९ फोन, ४ मुलाखती. उत्तराच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, आणि तोही खाली आडव्या रेघा मारून पुढे नेलेला.

नकाराचं मला एवढं काही वाटत नाही. माझा धंदाच रिजेक्शनचा. पण आमच्याकडे साधा बुश, म्हणजे छोटी धातूची नळी, रिजेक्ट झाला तरी त्याला लाल टॅग लागायचा आणि टॅगवर कारण लिहावंच लागायचं. बोअर ओव्हरसाइज म्हणजे भोक मापापेक्षा मोठं, बर म्हणजे कडेला राहिलेली धार, डेंट. कारण न लिहिता पार्ट लाल पेटीत टाकला तर सुपरवायझरला मी सगळ्यांदेखत झापायचो. दहा-बारा रुपयांच्या पार्टाला मिळायचं ते कारण मला कोणी देत नाही.

मध्ये एकदा रात्री स्वतःवरच फाइव्ह व्हाय लावून बघितलं. पाचदा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, टोयोटावाल्यांची ही पद्धत मी पोरांना दरवर्षी शिकवायचो. बोलावणं का येत नाही? वय. वय का आडवं येतं? पगार. तिसऱ्या 'का'लाच मी बावीस वर्षांपूर्वी डिप्लोमाच का केला इथपर्यंत पोचलो. वही मिटली. मशीनसाठी बनवलेलं हत्यार रात्री अकराला माणसावर चालवू नये.

दुपारी हिशेब. ग्रॅच्युइटी जमा झालीय: २४,००० बेसिक, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं, म्हणजे १,५२,३०७. आकडा बरोबर निघाला याचंच समाधान. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशीच संपला. आईच्या बीपीच्या गोळ्या आता खिशातून. तिला अजून 'शिफ्ट बदललीय' एवढंच माहीत आहे, असं आम्ही दोघं समजतो. आज जेवताना ती भाकरी मोडत म्हणाली, "एवढी लांबलचक सुट्टी कुठली कंपनी देते रे?" बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही वरणात मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं कमी.

संध्याकाळी ६:१० ला मेल आला. गेल्या आठवड्यात रांजणगावला मुलाखत झाली होती, तिथून. तीन ओळी. आपली निवड होऊ शकली नाही. या जागेसाठी आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं, इंटर्नल ऑडिटर प्रमाणपत्र असलेला उमेदवार हवा होता. आपलं पीपीएपीचं, म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याचं, काम आम्हाला आवडलं.

दोनदा वाचला. बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अहो, हा नकार आहे ना? मग हसताय काय?"

ड्रॉवरमधून लाल पेन शोधून काढलं. ओळ क्रमांक ४१, उत्तराचा रकाना: रिजेक्ट. कारण – ऑडिटर प्रमाणपत्र नाही. खाली तारीख घातली आणि सवयीनं सहीही केली.

उद्या या कोर्सची फी विचारायची.