तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कंस कशासाठी?

"सर, बॅश येतंय, पायथन येतंय, मग हे कंसांचं कशाला धरून बसलाय?" प्रॅक्टिकलला येणारी मुलं दरवर्षी हे विचारतात. बॅश म्हणजे मशीनला टाइप करून हुकूम द्यायची नेहमीची भाषा, पायथन ही लोकप्रिय प्रोग्रॅमिंग भाषा. कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. लॉगिन, मेल, वायफाय या सगळ्यांमागे एकच डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या नावांची आणि खात्यांची नोंदवही आहे आणि तिला प्रश्न विचारायला मी स्कीम शेल वापरतो. स्कीम ही सगळं कंसांत लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा, आणि तिच्यातून मशीनला हुकूम द्यायचं साधन म्हणजे हे शेल. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी पाटलांबद्दल. आमच्याकडे एका नावाचे तीन-चार पाटील असणं रोजचंच. मग ऑफिसात नावापुढे कंसात गाव लिहितात: आर. पाटील (वडणगे), आर. पाटील (शिये). निगव्याचे असतील तर दुमाला की खालसा, तेही लिहावं लागतं. माणसाला यातून बरोबर कळतं. डिरेक्टरीशी बोलायची पद्धत म्हणजे एलडॅप. त्याची मात्र इथेच अडचण होते, कारण त्याची प्रश्न विचारायची भाषाच कंसांची आहे.

गणित विभागातले प्राध्यापक किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक हवे असतील, तर फिल्टर, म्हणजे डिरेक्टरीला विचारायचा प्रश्न, असा दिसतो (वाचायला सोपं जावं म्हणून मराठी शब्द घातलेत):

(&(विभाग=गणित)(|(पद=प्राध्यापक)(पद=तासिका)))

'आणि'ची खूण (&) आधी, अटी मागून. 'किंवा'चंही (|) तसंच. ज्यानं स्कीम पाहिलंय त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. स्कीम १९७५ सालचं, एमआयटीतल्या सस्मन आणि स्टील यांचं. एलडॅपचं पहिलं टिपण १९९३ सालचं. एक्स.५०० नावाची जडशीळ डिरेक्टरी साध्या मशीनवरून वापरता यावी म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी तो हलका मार्ग काढला. या दोन घराण्यांचं नातं मी जोडत नाही. पण दोन्हीकडे प्रश्न म्हणजे अटींना पोटअटी फुटत जाणारं एक झाड असतं, आणि ते झाड कंसांनी लिहिलेलं असतं.

बॅशमध्ये आपण हे झाड वाक्यासारखं चिकटवतो: थोडा मजकूर, मध्ये नाव, पुन्हा मजकूर. नावातच कंस आला की फिल्टर मोडतो आणि 'बॅड सर्च फिल्टर' असं उत्तर येतं. ते परवडलं, निदान कळतं तरी. मला महागात पडला तो स्टार.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तासिका तत्त्वावरच्या ज्या शिक्षकांची मुदत संपली होती, त्यांची खाती लॉक करायची होती. ऑफिसातून एक्सेलची यादी आली, नऊ नावांची. टीप द्यायची म्हणून काही नावांपुढे स्टार केलेला. माझी बॅशची स्क्रिप्ट एकेक नाव उचलून फिल्टरमध्ये घालायची आणि जी नोंद सापडेल ती लॉक करायची. फिल्टरमध्ये स्टारचा अर्थ 'पुढे काहीही चालेल' असा होतो. 'आर. पाटील*' म्हटल्यावर वडणग्याचे सापडले, शियेचेही सापडले. नऊ नावांत तेरा खाती लॉक झाली. त्यातले एक सर बावीस वर्षं नोकरीत असलेले, आणि अंतर्गत गुण भरायचा तो शेवटचा दिवस. त्यांचा फोन आला, "मी काय राजीनामा दिलाय व्हय?" त्यांच्या आवाजातला अपमान मला अजून ऐकू येतो. चूक यादीची नव्हती. ऑफिसने स्टार माणसासाठी काढला होता, मी तो मशीनला हुकूम म्हणून दिला.

एससीएसएच, म्हणजे स्कीम शेल, ऑलिन शिव्हर्स यांनी १९९४ मध्ये लोकांपुढे आणलं. त्यात बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा तर हुकूम लिस्ट म्हणून, म्हणजे कंसात एकेक शब्द मांडून लिहितात आणि त्यात स्वल्पविराम देऊन आपलं मूल्य बसवतात. ते मूल्य एकच आर्ग्युमेंट, म्हणजे हुकुमाला दिलेली एकच अखंड वस्तू म्हणून जातं. आत मोकळी जागा असो, अवतरणचिन्ह असो, शेल त्याचे तुकडे करत नाही. या पायावर मी एक छोटी लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा कोड लिहिला. तिला फिल्टर मजकूर म्हणून देताच येत नाही, लिस्ट म्हणूनच द्यावा लागतो. कंस ती स्वतः घालते आणि टोकाला असलेलं प्रत्येक नाव आधी धुऊन घेते, म्हणजे त्यातली खास चिन्हं संकेतांत बदलते. आरएफसी ४५१५ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात नियम स्पष्ट आहे: मूल्यातला उघडता कंस \२८ होतो, बंद होणारा \२९, आणि स्टार, उलटी तिरकी रेघ, शून्य बाइट यांनाही असेच संकेत आहेत. 'पुढे काहीही' खरंच हवं असेल तर त्यासाठी वेगळं फंक्शन मुद्दाम बोलवावं लागतं.

पायथनच्या एलडॅप लायब्ररीतही मूल्य धुण्याचं फंक्शन आहे, मला माहीत आहे. पण ते आठवणीने बोलवायला लागतं, आणि घाईच्या दिवशी आठवणीवर माझा भरवसा नाही.

उत्तर वाचण्यातही एक खाच आहे. डिरेक्टरी एलडिफ नावाच्या साच्यात उत्तर देते. त्यात देवनागरी नाव सरळ येत नाही. गुणनामापुढे (नाव, पद अशा रकान्याच्या नावापुढे) दोन विसर्गासारखी खूण, म्हणजे दोनदा कोलन, आणि मग बेस६४ची, म्हणजे मजकूर साध्या इंग्रजी चिन्हांत बदलायच्या पद्धतीची, अगम्य अक्षरं. ओळ लांब झाली तर ती मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेनं सुरू होते. ग्रेप हा मजकूर शोधायचा हुकूम लावून 'पाटील' शोधलात तर कोल्हापुरात एकही पाटील नाही असं उत्तर मिळेल! लायब्ररी आधी मोडलेल्या ओळी सांधते, मग बेस६४ उलगडते आणि प्रत्येक माणसाची एक लिस्ट हातात देते. प्रश्नही लिस्ट, उत्तरही लिस्ट. त्यामुळे उत्तरावर पुढचा प्रश्न रचताना मध्ये कुठेही मजकुराचं शिवणकाम करावं लागत नाही. मला स्कीमचं सगळ्यात जास्त प्रेम आहे ते यासाठी.

स्कीम शेल जुनं आहे, शिकवणारं कुणी शेजारी मिळत नाही, आणि नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव येणार नाही. तुम्हाला तेच शिका असं मी म्हणत नाही. बॅशमध्येच राहायचं असेल तर नाव फिल्टरमध्ये घालण्यापूर्वी धुणारं एक फंक्शन आजच लिहा.

ऑफिसच्या यादीत स्टार अजून येतात, आणि यायला माझी हरकत नाही. आता 'आर. पाटील*' असं विचारलं की डिरेक्टरी सांगते, या नावाची नोंद नाही. मग कुठलंही खातं लॉक न करता स्क्रिप्ट ती ओळ बाजूला काढून ठेवते, आणि मी ऑफिसात फोन लावून विचारतो, "मॅडम, हे पाटील कुठले?"