कीपॅडकडून सेन्सरकडे: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा मेम्ब्रेन कीपॅडचा. यंत्रांच्या बटणांखाली पॉलिएस्टरच्या फिल्मवर चांदीच्या शाईच्या रेषा असतात, त्या आम्ही स्क्रीनने छापायचो. जाळी, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), भट्टी सगळं हाताशी होतं, म्हणून हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर छापून बघायचं ठरलं.

रचना सोपी आहे. दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तसे इलेक्ट्रोड आणि त्यावर पॉलिमरचा पातळ थर. विद्युतभार साठवायला पदार्थ किती मदत करतो हे सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पॉलिमरचा ३-४, पाण्याचा ८० च्या आसपास. त्यामुळे थोडी वाफ मुरली तरी कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, वाढलेला दिसतो.

आकडा तारेशिवाय वाचता यावा म्हणून सेन्सरसोबत एक चिप आणि वेटोळ्यांची छापील अँटेना (कॉइल) असते; हे सगळं मिळून आमचा टॅग. या अँटेनानं जास्त घाम काढला. टॅग ज्या १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतो, तिथे प्रवाह धातूच्या वरच्या साधारण १८ मायक्रॉनमध्येच वाहतो आणि आमचा छापील थर त्याहून पातळ. शिवाय छापलेली चांदी सलग धातूइतकी चांगली वाहक नसते. जास्त भाजावी तर फिल्म आकसते. शेवटी कॉइल दोनदा छापायला लागलो. बॅटरी नसलेला हा टॅग रीडरच्या, म्हणजे तो वाचणाऱ्या यंत्राच्या, चुंबकीय क्षेत्रातूनच वीज घेतो, म्हणून काही सेंटीमीटरवरूनच वाचता येतो. लांबून आकडे हवे असतील तर बॅटरी आणि रेडिओ जोडावाच लागतो. ‘संपूर्ण छापील सेन्सर’ अशी जाहिरात आम्ही करत नाही; चिप सिलिकॉनचीच असते.

गिऱ्हाईक विचारतं, छपाई इतकी स्वस्त, मग सेन्सर का नाही? खरा पैसा जातो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक नगाचा आकडा माहीत असलेल्या आर्द्रतेशी जुळवण्यात. जाळीत शाई जराशी सुकली की एकाच शीटवरचे दोन नगही वेगळं वाचतात. त्यासाठी संपृक्त क्षारांच्या (आणखी विरघळणार नाही इतका क्षार घातलेल्या पाण्याच्या) बंद बरण्या वापरतो: २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवर आर्द्रता ३३ टक्के राहते, साध्या मिठावर ७५. नग आत ठेवायचा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. घाई केली की चुकीचा आकडा कायमचा चिपमध्ये बसतो. ही पायरी गाळून भाव पाडणारे आहेत. त्यांच्याशी आम्ही भावात उतरत नाही.

वायूंसाठीही विचारणा होते. टिन ऑक्साइडचे नेहमीचे सेन्सर काहीशे अंशांना तापवावे लागतात, आमची फिल्म त्याआधीच वितळेल. त्या ऑर्डर सध्या नाकारतो. तापमानाची पट्टी मात्र आता आर्द्रतेच्या शेजारीच छापतो, कारण आर्द्रतेचा आकडा तापमानावाचून दुरुस्त करता येत नाही. कीपॅडही चालूच आहेत. पगार अजून त्यांच्यावरच निघतात.