नाडी सुटली होती, असे मी सांगितले

आज सकाळी कुरिअरवाला एक खोके देऊन गेला. धाकट्याने पाठवलेले बूट होते, नाडीऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्यांचे. सोबत त्याचा मोबाइलवर निरोप होता, "आई, आता नाडीसाठी वाकायला नको." शेजारच्या काकूंनी बूट उलटसुलट करून पाहिले आणि मुलगा अमेरिकेत राहूनही किती लक्ष ठेवतो म्हणून तोंडभर कौतुक केले. मी मान हलवली, पण त्यानंतर दिवसभर माझे कशातच चित्त लागले नाही. भाकरी थापताना दोनदा कड फाटली. त्या दिवशी माझी नाडी सुटलेलीच नव्हती.

महिना होत आला त्या गोष्टीला. त्याच्या फिनिक्सच्या घरून पहाटे निघून आम्ही दोघेच ग्रँड कॅन्यनची प्रचंड दरी पाहायला गेलो होतो. सूनबाई आली नाही. त्याविषयी आज लिहीत नाही. दक्षिण कड्यावरून ब्राइट एंजल नावाची पायवाट निघते आणि वळणे घेत थेट तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाते. आम्ही मात्र दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंतच जाणार होतो, कारण तेवढ्या अंतरातच ११०० फुटांहून जास्त उतार आहे आणि जेवढे उतरावे तेवढे सगळे परत चढायचे असते. वर कड्यावर अंगात स्वेटर होता; जसजसे खाली जावे तसतशी हवा तापत जाते आणि तळाशी निव्वळ वाळवंट आहे. मला ऊन लागेल याची धाकट्याला काळजी होती. मी म्हटले, सोलापुरात उभा जन्म गेला, मला उन्हाचे काय सांगतोस.

त्याच वाटेने खेचरांवर बसून काही प्रवासी तळाच्या फँटम रँचला मुक्कामाला जातात आणि वाटेवर पहिला मान त्यांचा असतो. धाकट्याने आदल्या रात्री मला सगळे नियम मराठीत समजावून सांगितले होते. खेचरे आली की डोंगराच्या भिंतीला लागून उभे राहायचे, दरीच्या बाजूला नाही. बोलायचे नाही, हलायचे नाही, पुढचा वाटाड्या सांगेल तसे वागायचे. आणि शेवटचे खेचर ५० फूट पुढे गेल्याशिवाय वाटेवर पाऊल टाकायचे नाही. जनावर बिचकले तर त्याच्या पाठीवरचा माणूस दरीच्या तोंडाशी असतो, हे त्यामागचे कारण त्याने सांगितले आणि ते मला पूर्णपणे पटले होते.

पहिल्या बोगद्याच्या थोडे खाली ती रांग आमच्या मागून आली. आम्ही भिंतीला टेकलो. खडकावर नाल वाजत होते, खोगिराचे कातडे करकरत होते, आणि एकेक खेचर माझ्या हातभर अंतरावरून चालले होते. पोटाच्या पट्ट्याखाली घामाची ओली रेघ दिसत होती. एका खेचराचा कान माझ्या दिशेने वळला आणि पुन्हा सरळ झाला. त्यावर बसलेल्या बाईंनी खोगिराची पुढची खुंटी इतकी घट्ट धरली होती की त्यांच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. ती खेचरे होती, घोडे नव्हेत, हे मला ठाऊक होते; पण टापांचा आवाज तोच, वासही तोच. शेवटचे खेचर जेमतेम पुढे सरकले, फिकट तांबूस धूळ उडाली, माझ्या बुटापुढे टापेचा ताजा ठसा उमटला आणि मी वाकले.

त्या खेचराने मान झटकली, मागचा पाय आडवा टाकला. एक दगड घरंगळत खाली गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. रांगेच्या पुढच्या वाटाड्याने मागे वळून हात वर केला, "मॅम, स्टँड स्टिल, प्लीज!" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

रांग वळणाआड गेल्यावर धाकट्याने विचारले, "आई, काय करत होतीस?"

"नाडी सुटली होती."

तो काही न बोलता खाली बसला आणि त्याने माझ्या दोन्ही बुटांना आणखी एकेक गाठ मारली. पहिली गाठ पक्की होती, हे त्याला दिसले नसेल का? हाच प्रश्न मी महिनाभर उलटसुलट करते आहे. वाटाड्याचे बोलणे मी केव्हाच विसरून गेले. आपल्या मुलाशी, तेही इतक्या साध्या गोष्टीत, मी खोटे का बोलले, ते मात्र विसरता येत नाही.

आजी मला लहानपणी आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या खुडूसला, माउलींच्या पालखीच्या रिंगणाला घेऊन जात असे. मध्ये पालखी, भोवती दिंड्या, आणि मोकळ्या सोडलेल्या रिंगणातून दोन अश्व धावत. एकावर पताका घेतलेला स्वार, आणि दुसऱ्याचे खोगीर रिकामे, कारण त्यावर प्रत्यक्ष माउली बसलेली असते. फेऱ्या संपल्या की सगळा समाज त्या मातीवर लोटे. आजी माझे मनगट सोडून म्हणे, "घोडा गेला, आता वाक." टापांखालची चिमूटभर माती ती माझ्या कपाळाला लावी आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधून घरी आणून ज्वारीच्या कणगीत टाकी. मला वाटते, त्या वाटेवर मी काही ठरवून वाकले नाही. साठीला आलेल्या या शरीराने आजीचे ऐकले.

आणि एवढे मला माझ्या मुलाला सांगता आले नाही. त्याला मी एकदाही खुडूसला नेले नाही. पालखी आपल्या जिल्ह्यात यायची तेव्हा त्याची शाळा नुकतीच लागलेली असायची, पुढे ह्यांचे आजारपण, मग ते राहूनच गेले. दुपारी माझी समजूत अशी झाली होती की मी त्याच्या घरी नुसती पाहुणी होऊन राहिले, त्याने न्यावे तिथे गेले, सांगितले ते ऐकले, आणि माझे म्हणून जे काही आहे त्याला तिथे जागाच नव्हती. बूट पाहून रडूही आले.

संध्याकाळी दिवा लावताना मात्र एक गोष्ट आठवली. अश्व धावत असेपर्यंत आजी माझे मनगट सोडत नसे. चोपदारांचा शब्द सगळे मानत. रिंगण पूर्ण होईपर्यंत आत कोणी पाऊल टाकत नसे. म्हणजे ते ५० फूट आजीलाही मान्यच झाले असते. मी तिकडचा नियम मोडला आणि आजीचाही मोडला, घोडा जायच्या आधी वाकले. त्या बाईंची पांढरी पडलेली पेरे आठवली की अजून अंगावर काटा येतो. चूक माझी होती आणि ती सरळ होती. लपवण्यासारखे तिच्यात काही नव्हते. हे कळल्यावर छातीवरचे ओझे बरेच हलके झाले.

नऊ वाजता मी फोन लावला. तिकडे सकाळचे साडेआठ झाले होते, तो गाडीत होता.

"बूट बसले का गं?"

"बसले. त्या दिवशी माझी नाडी सुटली नव्हती."

थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज येत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "गाठ पक्की होती. मला वाटलं, तुला चक्कर आली आणि तू माझ्यापासून लपवतेयस. म्हणून वाकायला लागू नये असे बूट पाठवले. महिनाभर डोक्यात तेच आहे, आई. मग काय करत होतीस तू?"

मी खुडूसपासून सुरुवात केली.