एवढी भारी पोरं घेतली, मग पुढच्या वर्षी आपलंच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोलंबसला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्याच हिवाळ्यात हे विचारतो. इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने देशातली निवडक पोरं उचलली म्हणे, मग पुढच्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाची ट्रॉफी नक्की? डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी बारावीतली मुलं कॉलेजांच्या करारावर सह्या करतात, संध्याकाळपर्यंत कुणाची भरती कितवी याच्या याद्या लागतात, आणि मग आठवडाभर माझा फोन वाजत राहतो.

त्या यादीवरून पुढचा मोसम कळत नाही. कळलाच तर तिसरा-चौथा.

मुलांना गुणवत्तेचे तारे देण्याचं काम २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा कंपन्या करतात. पाच तारे फार थोड्यांना मिळतात. २४७स्पोर्ट्स तो आकडा ३२च्या आसपास ठेवते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, पहिल्या फेरीत जागा ३२ असतात. म्हणजे पाच तारे हे आजच्या खेळाचं बक्षीस नसून हा पोरगा तीन-चार वर्षांनी व्यावसायिक संघाला हवासा वाटेल, असा अंदाज आहे. सतराव्या वर्षी केलेला अंदाज! आपल्याकडे अंडर-१९ विश्वचषक जिंकून आलेली किती पोरं पुढे भारताकडून खेळतात, ते आठवा.

हा अंदाज बांधतात कसा, तेही बघण्यासारखं असतं. माझी लेक शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये असल्यामुळे शरद ऋतूतल्या शुक्रवारच्या रात्री मी स्टँडमध्येच असते. तिथे एक निवृत्त प्रशिक्षक शेजारी बसायचे. त्यांची नजर बॉलवर नसायचीच. ते बघायचे की लाइनवरचा, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या रांगेतला, धिप्पाड पोरगा गुडघ्यात वाकतो की कमरेत. कमरेत वाकणारा कॉलेजात पहिल्याच धक्क्याला आडवा होतो म्हणे. हात किती लांब, पाऊल किती झटकन पडतं, आणि पोरगा बास्केटबॉल किंवा कुस्तीही खेळतो का. सामना संपला की आईवडिलांची चणही न्याहाळायचे, अजून किती वाढेल याचा हिशेब करायला. हायलाइट्सच्या व्हिडिओवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यात पोराच्या चुका कोण घालणार? अख्खा सामना बघायचा, समोरचा संघ किती कच्चा होता ते बघायचं, आणि बॉल दुसऱ्या बाजूला गेल्यावर पोरगा पळतो की चालतो, तेही. चाळीस यार्डांच्या धावेची हाताने घेतलेली वेळ ऐकली की नुसते हसायचे.

आता यादीचं काय होतं ते बघा. टेक्सस ए अँड एमची २०२२ची भरती २४७स्पोर्ट्सच्या गुणांत तोवरची सर्वोत्तम ठरली होती. त्याच वर्षी त्यांनी घरच्या मैदानावर अ‍ॅपलाशियन स्टेटकडून १७-१४ असा मार खाल्ला आणि मोसम ५-७ वर, म्हणजे पाच विजय आणि सात पराभवांवर, संपवला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, आणि काढण्याची भरपाईच साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. पोरं वाईट होती असं नाही. पण अठरा वर्षांचा पोरगा बावीस वर्षांच्या बाप्यासमोर उभा राहिला, की तारे मोजायला कुणी थांबत नाही.

आपल्या जेरमाया स्मिथचं नाव तुम्ही घेणार, माहीत आहे. २०२४च्या भरतीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आणि आल्या आल्या पहिल्याच मोसमात झेललेल्या पासांवर १,३१५ यार्ड! पण तो रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. कडेला राहून पळणाऱ्याचं लवकर जमू शकतं, मधल्या लाइनवर मात्र वजन, ताकद आणि शहाणपण यायला दोन-तीन वर्षं जातातच.

म्हणून डिसेंबरात मी नवी नावं वाचतच नाही. लाइनवरचे पाचांतले किती परत येतायत? क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमण चालवणारा, तोच आहे का? तिसऱ्या-चौथ्या वर्षातले किती जण ड्राफ्ट सोडून थांबले? ताऱ्यांकडे मी वळते ती यानंतर.

तारे निरुपयोगी आहेत असंही नाही हं. भरतीवर लिहिणारे पत्रकार बड एलियट यांचं एक गणित आहे: चार वर्षांच्या भरतीत निम्म्याहून जास्त मुलं चार किंवा पाच ताऱ्यांची नसतील, तर राष्ट्रीय विजेतेपद विसरा. वर्षानुवर्षं ते टिकलं. मग इंडियाना विद्यापीठ आलं. २०२३ मध्ये ३-९. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले ते आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून तेरा खेळाडू बरोबर घेऊनच, आणि २०२५च्या मोसमात १६-० करून विजेते. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना आधी येलला हो म्हणाला होता, मग बर्कलीला खेळला आणि तिथून बदली घेऊन इंडियानाला आला. एका कॉलेजातून दुसऱ्यात बदलीची दारं २०२१ पासून सताड उघडी आहेत, त्यामुळे हल्ली जानेवारीतल्या बदल्या बघितल्याशिवाय डिसेंबरच्या यादीवर बोलण्यात अर्थ नाही. बाविशीतला कसलेला गडी आयता मिळत असेल, तर सतराव्या वर्षाचा अंदाज कशाला करायचा?

तरी माझं म्हणणं पटत नसेल तर आपल्याच संघाची २०२१ची भरती घ्या. जॅक सॉयर, टुइमोलोआउ, एग्बुका, हेंडरसन, बर्क, डॉनोव्हन जॅक्सन, सगळे त्या एका वर्षातले. पहिल्या तीन वर्षांत ट्रॉफी नाही. चौथ्या वर्षी ते थांबले, कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड आणि अलाबामाहून कॅलेब डाउन्स येऊन मिळाले. मध्येच डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, जायबंदी झाला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूच्या गार्डच्या जागेवरचा जॅक्सन तिकडे सरकला आणि लाइन उभी राहिली. पहिल्या वर्षाच्या पोराला हे जमलं असतं? जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेते झाले.

आणि याच मुलांनी चार वर्षांत आपल्या कट्टर वैऱ्याला, मिशिगनला, एकदाही हरवलं नाही. शेवटच्या वर्षी तर घरच्या मैदानावर १३-१० असे हरले. ताऱ्यांची सरासरी आपलीच जास्त होती. तेव्हा पुढच्या वर्षी 'आपलंच ना' म्हणजे ट्रॉफी की मिशिगन, ते आधी ठरवा. आमच्या गल्लीत त्यावर अजून भांडणं होतात.