डिलन यांचा आवाज: लांबचा आणि जवळचा

बॉब डिलन यांचा ‘टाइम आउट ऑफ माइंड’ हा १९९७ चा अल्बम मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि त्यात जाणवणारे थकलेपण हे त्यांच्या शब्दांचे आणि खरखरीत गळ्याचेच आहे, अशी माझी समजूत होती. २०२३ मध्ये त्याच ध्वनिमुद्रणांचे मायकेल ब्राउअर यांनी केलेले नवे मिक्सिंग, म्हणजे मुद्रित आवाज आणि वाद्ये यांची नव्याने केलेली जुळणी, प्रसिद्ध झाले आणि ती समजूत मला सोडावी लागली.

‘लव्ह सिक’ हे पहिलेच गाणे. मूळ अल्बममध्ये ऑर्गनचे तुटक ठोके पडतात आणि त्यांमधून आवाज येतो तो जुन्या रेडिओतून यावा तसा, कडा झिजलेला. निर्माते डॅनियल लॅन्वा यांनी त्याभोवती इतका घुमारा ठेवला आहे की गाणारा माणूस निर्मनुष्य रस्त्याच्या पार टोकाला उभा असल्यासारखा भासतो. नव्या मिक्सिंगमध्ये गायन तेच आहे, ओळीच्या शेवटी सुटणारा श्वासही तोच आहे. पण घुमारा ओसरताच तो माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि एकदम ५५ वर्षांचा, म्हणजे मुद्रणाच्या वेळी होता तेवढ्याच वयाचा, वाटू लागतो.

मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत लॅन्वा यांनी वादकांचा मोठा ताफा जमवला होता आणि काही गाण्यांत तर दोन-दोन ड्रमर एकत्र वाजवत होते. त्यामुळे कोणताच ठोका सुटा ऐकू येत नाही, सगळे एकमेकांत मुरलेले असते. त्याच सत्रांत ‘मिसिसिपी’ हे गाणेही मुद्रित झाले होते, पण अल्बममध्ये ते घेतले गेले नाही. पुढे २००१ च्या ‘लव्ह अँड थेफ्ट’मध्ये डिलन यांनी जॅक फ्रॉस्ट या नावाने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेतली, आपल्या दौऱ्यांतल्या वादकांना बसवले आणि तेच गाणे मोकळ्या, स्वच्छ गिटारींवर गायले. तिथे पश्चात्तापाच्या ओळीही ते ताठ मानेने म्हणतात.

त्यांची शब्दफेक बारकाईने ऐकायची असेल तर २०२३ चे मिक्सिंगच लावावे, हे मला मान्य आहे. ‘नॉट डार्क यट’साठी मात्र मी अजूनही मूळ अल्बमकडेच वळतो, कारण त्या गाण्यातला अंधार शब्दांइतकाच लॅन्वा यांच्या घुमाऱ्यातही साठलेला आहे.