ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे

ॲम्प्लिफायरची पुढची बाजू सगळेच कौतुकाने बघतात. कामाचा मजकूर मात्र मागे, भिंतीकडे तोंड करून, बारीक अक्षरांत छापलेला असतो: ‘ए किंवा बी: ४ ओहम, ए + बी: ८ ओहम’. म्हणजे स्पीकरची एकच जोडी (ए किंवा बी) लावली तर प्रत्येक स्पीकर किमान ४ ओहमचा, दोन्ही लावल्या तर किमान ८ ओहमचा हवा. ओहम हे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं, म्हणजे रोधाचं माप. वायर कुठल्या कंपनीची घ्यावी यावर तावातावाने वाद घालणारे या ओळीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

दोनच स्पीकर असतील तर डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, संपलं. गाणी आतल्या खोलीतही ऐकू यावीत असं वाटून दुसरी जोडी आणली की घोळ सुरू होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला (डाव्या किंवा उजव्या बाजूला) समांतर, म्हणजे दोघांच्या तारा त्याच दोन टोकांना, जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओहमच दिसतात. २० व्होल्टला ८ ओहममधून अडीच अँपिअर वाहतात, ४ ओहममधून पाच. त्या जादा प्रवाहाने आतले ट्रान्झिस्टर तापतात. हळू आवाजात काहीच कळत नाही. मंडळी जमली, आवाज चढवला, की आतला रिले (संरक्षक स्विच) टक् करतो आणि सगळं बंद. मग लोक वायर हलवून बघतात. वायर बिचारी निर्दोष असते.

बरं, मग एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडावेत? ८ आणि ८, १६ ओहम. ॲम्प्लिफायर सुखात, पण प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला निम्मे व्होल्ट, म्हणजे एकट्याने वाजताना मिळते त्याच्या पाव ताकद. त्यातून दोघे वेगळ्या बनावटीचे असले तर पंचाईतच, कारण स्पीकरचा ओहम हा काही ठाम आकडा नव्हे. मल्टिमीटर लावला तर ‘८ ओहम’वाला बहुधा सहा-साडेसहाच दाखवतो, वाजताना खर्जात एखाद्या जागी तोच वीस-तीसवर चढतो. एकसर जोडणीत ज्या सुराला ज्याचा ओहम जास्त, ते व्होल्ट तो ओढून घेतो आणि दोघांचाही आवाज बिघडतो. हुबेहूब सारखे स्पीकर असतील तरच या वाटेला जावं. सारखे चार असतील तर मात्र मजा आहे: दोन-दोन एकसर, मग त्या दोन जोड्या समांतर, आणि बेरीज पुन्हा ८ ओहम! याहून जास्त खोल्या असतील तर दुसरा ॲम्प्लिफायर घ्यावा, हे उत्तम.

वायरचा हिशेब त्या मानाने सोपा. जाऊन-येऊन तिचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ८ ओहमला ०.४ च्या आत राहिला की पुरे. स्पीकर १० मीटरवर असेल तर तांबं २० मीटर धरायचं. दीड चौरस मिलिमीटरची तार त्याला पाव ओहमसुद्धा लावत नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची पाऊण ओहमच्या घरात जाते. भार ४ ओहमचा असेल तर अडीचची घ्यावी. ब्लेडने एक धागा खरवडून पाहायचा: आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, रोध साधारण दीडपट. वापरू नये असं नाही, पण एक माप जाड घ्यावी.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद. वायर १०-१२ मिलिमीटर सोलून धागे घट्ट पिळायचे. सुटलेला एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतं. दोन्ही चॅनेलचे काळे टर्मिनल एकच समजून तीन तारांत भागवायला जाणारेही भेटतात. बऱ्याच डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये काळ्यावरही सिग्नल असतो, तिथे ही काटकसर महागात पडते.

राहता राहिलं लाल-काळं, म्हणजे अधिक-उणे. एका स्पीकरचं उलटं झालं तर खर्ज गायब होतो आणि मधोमध उभा असायला हवा तो गायक नेमका कुठे आहे तेच कळत नाही. संशय आला तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा, अधिक टोक लालला: स्पीकरचा मोठा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर यायला हवा. तसा आला, तर चूक तारेत आहे. ती एकाच टोकाला बदलायची. उत्साहाच्या भरात दोन्ही टोकांना बदलली की गायक पुन्हा बेपत्ता.